नऊ नंबरचा ताप

पाच दिवस तापाने अंथरुणात काढून नर्स सोनूबाई मंगळवारी सकाळी वॉर्डात आली, आणि पहिली गोष्ट तिच्या ध्यानात आली ती अशी, की झाडून सगळे पुरुष आपापल्या खाटांवर शहाण्यासारखे पडले होते. सात वर्षांच्या नोकरीत एवढी शिस्त तिने पाहिली नव्हती.

"काय रे, शाळा तपासायला साहेब यायचेत काय?" तिने विचारलं.

हसलं कुणी नाही. कोपऱ्यातल्या नऊ नंबरच्या खाटेवरून कान्हा कोळी तेवढा म्हणाला, "बाय, तुमी बऱ्या झाल्या, झ्याक झालं," आणि त्याने चादर डोक्यावर ओढून घेतली.

ही सत्तावन्न सालच्या आषाढातली गोष्ट. फ्लूची साथ मुंबईहून कुलाबा जिल्ह्यात उतरली होती. गिरण्यांतले लोक अंग मोडून आलं म्हणून गावी परतले आणि येताना ती घेऊन आले. थळ आणि रेवदंडा यांच्या मधल्या एका गावातलं हे धर्मादाय इस्पितळ. पुरुषांच्या वॉर्डात खाटा बारा. जून संपायच्या आत बारा खाटा भरल्या, मग खाटांच्या मधल्या जागेत चटया पडल्या, मग व्हरांड्यात. मागच्या खोलीत गोवराची पोरं होती. गोवर अंगावर असताना फ्लू झाला तर काय होतं ते दोन लेकरांच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलं होतं, तेव्हापासून त्या खोलीची कडी आया आवडाबाई सोडून दुसरं कुणी काढत नसे.

एकट्या फ्लूचं सोनूबाईला भय नव्हतं. तीन-चार दिवस माणूस तापाने फणफणतो, हाडं दुखतात, मग घाम येतो आणि ताप उतरतो. भय होतं ते त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांचं. मिठागरावरचा काळूराम असाच ताप उतरला म्हणून चालत घरी गेला होता. तिसऱ्या दिवशी त्याला झोळीत घालून परत आणला तेव्हा त्याचे ओठ जांभळे पडले होते आणि छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती. त्याला सुई टोचायला सोनूबाईने हात धरला, आणि तो हात तिच्या हातातच सैल पडला. तेव्हापासून उतरलेला ताप पुन्हा चढतो आहे का, यावर तिची नजर असे. रोज दुपारी चार वाजता प्रत्येकाचा ताप घ्यायचा, खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या चौकटीच्या कागदावर ठिपका काढायचा आणि कालच्या ठिपक्याला जोडायचा. रेघ खाली आली आणि खालीच राहिली, तरच माणूस घरी.

गुरुवारी संध्याकाळी तिला स्वतःलाच ताप भरला. तिच्यामागे ठिपके काढायचं काम मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसर रामचंद्रने केलं होतं.

आज घरी जाणाऱ्यांच्या यादीत एकच नाव होतं. चार नंबर, भागोजी. सोनूबाईने त्याचा कागद पाहिला. आधी एकशे दोन, मग शंभरच्या थोडं वर, आणि पुढचे चार दिवस अठ्ठ्याण्णव पॉइंट चारच्या आसपास एक सरळ रेघ, पाटाच्या पाण्यासारखी. रामचंद्रने लाल पेन्सिलीने ती पट्टी लावून आखली होती. पाहून तिला बरं वाटलं.

भागोजी खाटेच्या कडेवर बसून गाठोडं बांधत होता. डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या गावचा कुणबी, चाळिशीचा, अंगाने काटक. त्याचा मेव्हणा अंबाजी बैलगाडी घेऊन आला होता आणि ओली घोंगडी दारातच झटकून आत आला होता.

"चला, सुटलात म्हणायचे," सोनूबाई म्हणाली.

"व्हय बाई. रोप हे एवढं झालंय," भागोजीने मांडीपाशी हात धरला. "आता... लावलं न्हाय... तर बैलांनाच घालावं लागंल. काशी एकटी... काय काय करंल?"

"एकटी कुठं? बहिनीला मी हाय न्हवं," अंबाजी म्हणाला.

"तू हाईस म्हणून तर... घोर."

अंबाजी हसला. सोनूबाईही हसली असती, पण तिची नजर भागोजीच्या पोटावर होती. सदऱ्याची बटणं अजून लावायची होती, आणि बरगडीखालची खळी आत-बाहेर, आत-बाहेर होत होती. तिने एप्रनला पिनेने टोचलेलं घड्याळ उलटं करून धरलं आणि अर्धा मिनिट गप्प उभी राहिली. अठरा. म्हणजे मिनिटाला छत्तीस. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढेच.

चार दिवस ताप नसलेला माणूस, गाठोड्याला गाठ मारताना, छत्तीस?

"तोंड उघडा बघू."

"कशाला बाई? ताप कवाच गेला. कागद बघा की," भागोजी घाईने म्हणाला. "आत्ताच गरम च्या प्यालोय, त्यो लागंल."

"मग काखेत धरा."

तापमापक काखेत दोन मिनिटं धरायचा तर भागोजीने चार वेळा दाराकडे पाहिलं. पारा एकशे एकच्या वर गेला होता. सकाळचे नऊ वाजले होते. आणि ताप सकाळी कमी असतो, संध्याकाळी वाढतो, हे तर इस्पितळाच्या मांजरालाही ठाऊक होतं.

डॉक्टर टिपणीस व्हरांड्यात चटयांमधून वाट काढत होते. आठ दिवसांत त्यांनी धड झोप घेतली नव्हती. दुपारभर गावं फिरायची, चिखलात रुतलेली सायकल ओढत आठ वाजता परत यायचं, आणि कंदिलाच्या उजेडात कागद बघून दुसऱ्या दिवशीची औषधं लिहायची, असा त्यांचा दिवस होता. त्यांनी सोनूबाईचं ऐकून घेतलं.

"आजचा ताप असेल. सर्दी झाली असेल नवी. चार दिवस रेघ स्वच्छ आहे, सिस्टर. अंग गरम लागलं म्हणून एकेकाला ठेवून घेतलं तर यांना कुठे घालू?" त्यांनी पायापाशी कण्हणाऱ्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. "काळजी करायची तर नऊ नंबरची करा. त्याचा ताप चार दिवसांनी उलटलाय. परवा एकशे एक, काल एकशे तीन. काल रात्रीपासून पेनिसिलिन लावलंय त्याला. आता छाती ऐकायचीच आहे."

नऊ नंबर म्हणजे कान्हा. सोनूबाई त्याच्या खाटेपाशी गेली आणि तिने चादर ओढली. चादरीखाली कान्हा भाकरी खात होता.

"हे काय?"

"भूक लागली, बाय."

तिने त्याचा श्वास मोजला. अठरा, पूर्ण मिनिटाला. ताप घेतला. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. डोळे तुकतुकीत, ओठांना लाली, आणि भाकरीसोबत खायला त्याने कुठून तरी भाजलेला सुका बोंबील पैदा केला होता.

"काल संध्याकाळी एकशे तीन ताप होता तुला."

"मना?" कान्हा चकित झाला, आणि लगेच सावध झाला. "असंल बाय. कागदावर असंल तं असंल."

"थुंक बघू या डबीत."

कान्ह्याने खाकरून खाकरून पाहिलं. स्वच्छ लाळ निघाली आणि बोंबलाचा एक काटा.

एका रात्रीत पेनिसिलिन एवढं कुणाला लागू पडत नाही, हे सोनूबाईला पुस्तकातून ठाऊक होतं आणि काळूरामच्या हातातूनही. एकशे तीन ताप असलेल्या छातीला सकाळी अठरा श्वास पुरत नाहीत; आणि चार दिवसांच्या निरोगी माणसाला छत्तीस लागत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी, एकाच वॉर्डात खोट्या ठरत होत्या. तिने चार नंबरचा आणि नऊ नंबरचा असे दोन्ही कागद काढले आणि एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात पाहिले. गुरुवारपर्यंतचे ठिपके तिच्या हातचे होते. शुक्रवारपासून लाल पेन्सिल सुरू होत होती, दोन्हींवर.

रामचंद्र मलमपट्टीचं तबक घेऊन समोरून येत होता. पन्नाशीचा, टापटिपीचा, शिपायासारखा ताठ चालणारा माणूस.

"रामचंद्र, रविवारी चार वाजता नऊ नंबरचा ताप तुम्हीच घेतलात ना?"

"नऊ नंबरच्या खाटेवरच्या माणसाचा घेतला. एकशे एक. काल एकशे तीन. दोनदा बघितला."

"तो कान्हाच होता ना?"

रामचंद्रला प्रश्नच कळला नाही. "सिस्टर, मी खाटेचा नंबर बघतो आणि पारा बघतो. वाचायच्या चष्म्यातून माणसांचे चेहरे दिसत नाहीत. शिवाय सव्वीस तोंडं, डोक्या-कानांना फडकी बांधलेली. नऊ म्हणजे नऊ."

आठ नंबरवरचा म्हातारा नामा, मिठागरावरचा, त्याला एकदम खोकला आला. तो खोकला नव्हता, हे सोनूबाईच्या लगेच लक्षात आलं.

"नामाकाका, काय ते सांगून टाका."

"मी काय सांगू? मी लाकडासारखा पडलेला मानूस," नामा म्हणाला. "पन तुला येवढंच इचारतो, पोरी. कोळी मानूस खिडकी सोडून कोपऱ्यात निजल काय? आनी कुनबी खिडकीत, वाऱ्याच्या तोंडाशी निजल काय?"

वॉर्डात खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "गेला कान्ह्या!"

मग सगळं बाहेर आलं. चार नंबरची खाट पश्चिमेच्या मोठ्या खिडकीखाली होती. समुद्राचा वारा तिथे थेट अंगावर येई, पावसाचे तुषारही. भागोजीला त्याची धास्ती. तापात वारा बाधतो, छातीत शिरून बसतो, असं त्याची आजी सांगत आली होती. आणि नऊ नंबर कोठीच्या भिंतीला लागून, कोंदट. कान्ह्याचं म्हणणं, अशा जागी निजलेला मासाही कुजतो, माणसाचं काय! दोघांनी पहिल्याच दिवशी खाटा बदलायचं काढलं होतं, पण सोनूबाईने "कागद खाटेला अडकवलेत, तुमच्या गळ्यात नाहीत" म्हणून दोघांना दटावलं होतं. ती आजारी पडली आणि रान मोकळं झालं. दुपारची जेवणं आटोपून डॉक्टर बाहेर पडले, की भागोजी कोपऱ्यात आणि कान्हा खिडकीत. दिवेलागणीला पुन्हा जिथल्या तिथे. मध्ये चार वाजता रामचंद्र येऊन खाटेचा नंबर बघून जाई. वॉर्डातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं, यात लपवण्यासारखं काय आहे. आणि जे सांगू शकले असते त्यांना वाटलं, बाई रागावतील.

"आवडाबाई, तू पण?" सोनूबाईने विचारलं.

आवडाबाई झाडू हातात धरून उभी होती. "मला वाटलं, डाक्टरांनीच बदलून दिलं. दोघंबी खूश होते. मी म्हटलं, असू दे." मग ती जरा थांबली. "पन एक हाय, सोनूबाय. ह्या भागोजीची थुंकायची वाटी मीच धुते. दुपारी नऊखाली असते, सांजची चारखाली. दोन दिस त्यात गंजाच्या रंगाचं पडतंय."

सोनूबाईने चार नंबरखालची वाटी ओढून पाहिली. गंजाच्या रंगाचं. म्हणजे आजची सर्दी नव्हे, न्यूमोनिया. रविवारपासूनचं.

तिने भागोजीकडे पाहिलं. तो गाठोड्यावर हात ठेवून खाली बघत होता.

"भागोजी, तुम्हाला ताप परत आलाय हे ठाऊक होतं?"

भागोजी गाठोड्याची गाठ चाचपत राहिला. कान्हा मात्र आता गप्प राहणार नव्हता.

"ठाव नसाया काय झाला? परवा रामचंद्रभाव मोठ्यानं बोलला, 'नऊ नंबर, एकशे एक,' आनी सांजचे डाक्टर बोलले, 'चार नंबर मंगळवारी घरी.' तवा हा मना काय सांगतो, कान्ह्या, तुला तुझ्या होडीची शपथ, सांगशील तं. लावनी झाली की मी आपला बरा होतो. होडीची शपथ घातली, बाय! मी काय करू? काल रातीपासून तीन सुया खाल्ल्या मी ह्याच्या पायी. बसता येत नाय मना!"

आता हसू कुणालाच आवरलं नाही, रामचंद्रलाही नाही. फक्त भागोजी आणि सोनूबाई हसले नाहीत.

तिने वेळ घालवला नाही. भागोजीच्या वाटीतलं थोडंसं काडीने काचेवर पसरलं, स्पिरिटच्या दिव्यावर वाळवलं, जांभळा रंग चढवला, धुतला, पुन्हा धुतला, आणि डॉक्टरांच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. भिंग खालीवर करता करता धुकं विरलं आणि न्यूमोनियाचे जंतू दिसले. टोकाकडे निमुळते होत गेलेले जांभळे दाणे, तांदळाच्या कणीसारखे, सगळीकडे दोन दोन, दोन दोन. तिने डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी पाहिलं. मग ते वॉर्डात आले, भागोजीला सदरा काढायला लावला आणि पाठीवर बोट ठेवून टिचक्या मारत खाली आले. डावीकडे पोकळ मडक्यासारखा आवाज. उजवीकडे खालच्या बाजूला ओल्या भिंतीवर मारावं तसा, बद्द.

"एक बाजू भरत आलीय," ते हळू आवाजात म्हणाले. "मी कागद वाचून याला घरी धाडत होतो, सिस्टर. आणि कागद दुसऱ्याचाच."

"ठिपके बरोबर होते, साहेब," रामचंद्र मागून म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "माणूस चुकला."

आता प्रश्न राहिला भागोजीचा. तो उभा राहिला आणि त्याने गाठोडं काखेत मारलं.

"मी काय... बंदी हाय का हितं? माझं मी... बघून घेईन. अंबाजी, गाडी जुंप."

अंबाजी गोंधळून एकदा डॉक्टरांकडे, एकदा मेव्हण्याकडे बघत राहिला. डॉक्टर फुप्फुस आणि जंतू यांबद्दल सांगू लागले तशी भागोजीने मान फिरवली. गाडी गेली तर काय होईल ते सोनूबाईला दिसत होतं. चिखलात गाडी चार तास लागणार, उद्या हा शेतात उतरणार, आणि परवा झोळी येणार. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज बाहेरून येत होता.

ती मिठागरं आणि खारजमिनी, म्हणजे खाडीला बांध घालून काढलेली शेतं, यांच्या गावात वाढलेली होती. ती भागोजीशी बोललीच नाही. अंबाजीशी बोलली.

"तुमच्याकडे खारी आहेत?"

"दोन हाईत की. खाडीला लागून."

"बांध कशानं फुटतो, खांड कशानं पडते?"

"खेकड्यानं," अंबाजी चटकन म्हणाला. "त्यो बीळ करतो. मग भरती आली की त्या बिळातून पानी घुसतं, आन् बांध जातो."

"बीळ पाडून खेकडा निघून गेला, तर बांध वाचला का?"

"वाचतोय कसला. बीळ तर ऱ्हायलंच की. पुढची भरती घेते."

"फ्लू तो खेकडा. तो येऊन गेला. छातीत बीळ पाडून गेला. आता ह्यांच्या छातीत भरती चढतेय, उजवीकडनं. तुम्ही बांध तसाच सोडून लावणीला जाल का?"

अंबाजीने घोंगडी डोक्यावर घेतली. तो बाहेर गेला. घुंगरं वाजली आणि थांबली. त्याने बैल सोडून माडाला बांधले होते. आत येऊन त्याने भागोजीच्या काखेतलं गाठोडं काढून घेतलं.

"दाजी, खाली बसा."

"अरे पण... रोप..."

"रोप मी बघतो. गाव बघंल. आपुन त्यांच्या लावनीला जातोच की न्हाय दर साली? तुमी मेलात तर माझ्या बहिनीला मी काय सांगू, बैलांनी रोप खाल्लं न्हाय म्हनून?"

भागोजी बसला. बसला तो आडवाच झाला, आणि इतका वेळ नेटाने धरलेला खोकला एकदम सुटला. तासाभराने त्याला पहिली सुई दिली तेव्हा तो तापाने बडबडत होता, आणि त्या बडबडीत सगळी शेताची मापं होती.

सोनूबाईने एक गोष्ट केली. गॉजच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर शाईने एकेकाचं नाव लिहिलं आणि प्रत्येकाच्या मनगटाला एकेक बांधली. मग भागोजीला नऊ नंबरवर, वाऱ्याच्या आड निजवलं. छातीला वाऱ्याने काही होत नाही हे तिला ठाऊक होतं. पण निर्धास्त झोपलेल्या माणसाचं भलं होतं हेही ठाऊक होतं. कान्ह्याला घरी सोडायचं ठरलं.

"बाय, एक रात तरी खिडकीपाशी हक्कानं निजू दे," तो म्हणाला. "तीन सुयांचं काय तरी पुन्य असंल ना?"

"एक रात," सोनूबाई म्हणाली. व्हरांड्यातल्या म्हाताऱ्याला दुसऱ्या दिवशी ती खाट मिळाली.

रामचंद्रने मनगटाच्या पट्ट्या फार मनावर घेतल्या. आता तो प्रत्येकाला आधी नाव विचारी, मग पट्टी वाची, मग चष्मा कपाळावर ढकलून चेहरा बघे, आणि तिन्ही जुळले तरच तापमापक तोंडात घाली. आवडाबाई झाडत जवळून गेली तर तिलाही नाव विचारायचा. "लग्नाच्या आधी नवरदेवाला नव्हतं कुनी येवढं बघितलं," नामा म्हणाला.

बुधवारचा दिवस वाईट गेला. श्वास चाळिसावर गेले, एकुलत्या एक नळकांड्यातला प्राणवायू भागोजीच्या नाकाशी धरावा लागला, आणि दर सहा तासांनी सुई. सोनूबाई स्वतःही अजून अशक्तच होती. ती स्टुलावर बसून राहिली. दर अर्ध्या तासाला मोजत होती. गुरुवारी चाळीस, अडतीस, पुन्हा चाळीस.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला भागोजीच्या कपाळावर घाम दिसला. आधी थेंब, मग ओघळ, मग उशी भिजली, सदरा भिजला, चादर भिजली. आवडाबाईने तीनदा कपडे बदलले. चार वाजता रामचंद्र आला, नाव विचारायचं विसरला आणि ताप घेतला. नव्व्याण्णव. त्याने तापमापक झटकून पुन्हा लावला. पुन्हा नव्व्याण्णव. श्वास सव्वीस.

"भागोजी," तो न राहवून म्हणाला, "नऊ नंबर, नव्व्याण्णव! आणि तुमचाच!"

भागोजीने डोळे उघडले. "पेज हाय का?" त्याने विचारलं. "आन् संगं कायतरी खारट."

सोनूबाई बाहेर व्हरांड्यात गेली आणि कठड्याला टेकून थोडा वेळ उभी राहिली. समोर शाकारून ठेवलेल्या होड्या होत्या, त्यांच्या पलीकडे फेसाळलेला समुद्र. डॉक्टर टिपणीस सायकल काढत होते. तिने त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं," आणि सायकल तशीच भिंतीला लावून चहा प्यायला परत आत आले. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच बसून.

पुढचे दोन दिवस रेघ खाली आली आणि खालीच राहिली. सोमवारी अंबाजी आला. बरोबर काशी होती, टोपलीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन. दोघांच्या पायांवर चिखल वाळलेला, चेहरे उन्हापावसाने रापलेले, पण प्रसन्न. लावणी झाली होती. शनिवारी सगळा गाव त्यांच्या शेतात उतरला होता.

"सगळी झाली?" भागोजीने विचारलं.

"सगळी."

"वरच्या खाचरातली?"

"ती पन."

"दाट लावली असंल बायकांनी."

"न्हाय वो," काशी म्हणाली. "मी स्वतः उभी होते."

"पानी किती ठेवलं?"

"बोटभर."

भागोजीला आता आणखी काही चुकीचं सापडेना. मग त्याने भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली, आणि पाठ भिंतीला टेकून निवांत बसला. डॉक्टर फेरीवर होते. त्यांनी पाठ ऐकली, टिचकी मारली, मान हलवली.

"छान. भागोजी, आज तुम्ही घरी जायला मोकळे. गाडी आलीच आहे."

"आज?" भागोजी म्हणाला. त्याने बाहेरच्या पावसाकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग टोपलीत उरलेल्या भाकऱ्यांकडे. "आता घाई काय हाय, डाक्टर? लावनी तर झाली. दोन दिस ऱ्हातो की. छाती अजून जरा... अशी... वाटते."

"कशी वाटते?"

"अशी... मोकळी मोकळी."

काशीने तोंडाला पदर लावला. नामा पलीकडून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वो, सासुरवाडीला आलाय त्यो."

सोनूबाईने नऊ नंबरचा कागद काढून घेतला, त्यावर तारीख घातली आणि भागोजीचं गाठोडं उचलून स्वतः त्याच्या मांडीवर ठेवलं.

"उठा, भागोजी. व्हरांड्यात तिघे जण खाटेची वाट बघतायत."